निम्म्याहून जास्त

वित्स्के सिब्रांडी कंपन्यांना घरं नेमून देते.
अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिण टोकाला, चौदाव्या मजल्यावर,
खाली कालव्याची राखाडी पट्टी,
टेबलावर खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा डबा
आणि समोर ताळेबंद.
नियम एकच, बाकीची चारशे पानं त्याच्या अपवादांची:
निम्म्याहून जास्त पैसा जिथून येतो
तिथली तू.

कंपनीला विचारायचं नसतं, तुला काय वाटतं.
कंपन्यांना पुष्कळ काही वाटत असतं.
बिस्किटवाल्यांना वाटतं आपण पोषण,
जुगारवाल्यांना वाटतं आपण तंत्रज्ञान.

दात बसवणारी आरोग्यसेवेत.
दातांची पेस्ट बनवणारी घरगुती वस्तूंत.
दात किडवणारी खाद्यपदार्थांत.
इथवर सोपं आहे.

प्राणवायू मात्र रसायनांत बसतो.
वेल्डिंगच्या दुकानात जातो तोच
अतिदक्षता विभागात जातो,
फक्त नळकांड्याचा रंग वेगळा.
वृद्धाश्रमाची इमारत: स्थावर मालमत्ता.
आत म्हातारीची कूस बदलणारा हात: आरोग्यसेवा.
भिंत एकीकडे, पलंग दुसरीकडे,
आणि म्हातारी कुठल्याच रकान्यात नाही,
ती उत्पन्न आहे.

ज्यांचं काहीच निम्म्याहून जास्त नसतं
अशा काही असतात: थोडं सिमेंट, थोडी जहाजं, एक टीव्ही वाहिनी.
एक ना धड, भाराभर चिंध्या.
त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे.
वित्स्केला त्या मनातून आवडतात.

मार्चमधल्या एका मंगळवारी
हंसाची फाइल आली.
हेरेनवेनजवळचा कारखाना,
सायकलीच्या मानेवर पितळी हंस,
पुढे चाकाच्या खुर्च्याही, त्यांच्यावर हंस नाही.
आजवर क्रीडा व विरंगुळा.
यंदा खुर्च्या पन्नास पूर्णांक आठ टक्के.
गेल्या वर्षी पन्नास पूर्णांक एक.

तिचा बाप येल्ले तिथे एकतीस वर्षं वेल्डर होता.
नात्यातलं प्रकरण दुसऱ्याकडे द्यावं
असाही नियम आहे, पान बावीस.
पण बाप निवृत्त होऊन बारा वर्षं झाली.
फाइल तिनेच ठेवली,
आणि जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून फोन लावला.

हाइत, ती म्हणाली
(फ्रिसियन माणसं बापाला अशीच हाक मारतात),
तुम्ही नक्की काय बनवायचात?
सायकली, की खुर्च्या?

पलीकडे रेडिओ चालू होता.
तो उठून बंद करायला त्याला वेळ लागला,
परत येऊन बसायला त्याहून जास्त.
सकाळी सायकली यायच्या, म्हणाला,
दुपारी खुर्च्या. नळी तीच. ज्योत तीच.
मग थांबून:
सांधे. मी सांधे बनवायचो.
आणि हसला, कारण गुडघ्यांची शस्त्रक्रिया
गुरुवारवर आली होती.

तिने वर येऊन आकडे पुन्हा बेरजेला घातले.
बेरीज बदलली नाही.
जुना संकेतांक खोडून नवा लिहिला.
सोमवारी बाजार उघडायच्या आत
कुठल्या कुठल्या फंडांनी हंस विकला,
कुठल्या कुठल्या फंडांनी घेतला,
आणि कारखान्यात
कुणी डोळ्यांवरची काच वर केली नाही.

गुरुवारी लेउवार्डनच्या इस्पितळात
येल्लेला खुर्चीत बसवून लिफ्टकडे नेलं.
मागे ढकलणारा पोरगा कानात गाणी ऐकत होता.
वित्स्के शेजारून चालली, कोट हातावर.
लिफ्ट येईना.
बापाने बसल्या जागी हात खाली घातला,
आसनाच्या मागच्या कोपऱ्यात
अंगठ्याने सांधा चाचपला, एकदा, पुन्हा एकदा.

आमचा नाही, म्हणाला.
बरा आहे, पण आमचा नाही.